नटाची नाईट आणि निर्मात्याची वही

नाशिकच्या एका नटाने प्रश्न विचारला आहे. वय ३१. एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेतून आलेला, काही वर्षांपासून मुंबईत. दोन व्यावसायिक नाटकांत नाईटवर, म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनावर, काम केलंय, सध्या एका मालिकेत छोटी भूमिका चालू आहे. मालिकेच्या कमाईतून आठ लाख बाजूला पडलेत. मित्राने दोन अंकी नाटक लिहिलंय आणि त्यातली मुख्य भूमिका याच्यासाठीच लिहिली आहे. विचारतोय ते असं: स्वतःची संस्था काढून हे नाटक करू का? नट आणि निर्माता ही दोन्ही कामं आयुष्यभर बरोबरीने करता येतात का, की एकाच्या पायी दुसरं बुडतं?

करता येतात, आणि आपल्याकडे ही रीत जुनी आहे. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये हुबळीला ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढे भालचंद्र पेंढारकर, प्रभाकर पणशीकर, मच्छिंद्र कांबळी. आज प्रशांत दामले, भरत जाधव, मुक्ता बर्वे. तेव्हा जमेल की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. कशाने जमतं आणि कशाने मोडतं, तेवढं सांगतो.

माझ्या मते सगळं एका सवयीवर अवलंबून आहे. पहिल्या प्रयोगापासून स्वतःची नाईट खर्चात धरायची. दुसऱ्या निर्मात्याकडे तुम्हाला जेवढी मिळते तेवढीच, ना कमी ना जास्त. बहुतेक नवे नट-निर्माते हे करत नाहीत, आणि "माझंच नाटक आहे, मी काय पैसे घ्यायचे" हे मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यात त्याग दिसतो, पण हिशेब खोटा होतो. समजा, तुमची नाईट सोडून प्रयोगाचा बाकी सगळा खर्च ९५ हजार आहे. यात नाट्यगृहाचं भाडं, पेपरची जाहिरात, इतरांच्या नाईटी, बॅकस्टेज, लाईट-म्युझिक, टेम्पो, बस, चहा-जेवण, लेखक-दिग्दर्शकाचं मानधन असं सगळं आलं. सरासरी ३०० रुपयांची ३५० तिकिटं गेली, गल्ला १ लाख ५ हजार. तुम्ही म्हणता, दहा हजार सुटले, नाटक चाललंय. पण तुमची बाजारातली नाईट पंधरा हजार असेल तर प्रत्यक्षात पाच हजारांचं नुकसान आहे आणि ते तुम्ही तुमच्या अंगमेहनतीने भरताय. त्या संध्याकाळी दुसऱ्याच्या नाटकात उभे राहिला असतात तर पंधरा हजार घरी आले असते. (आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत. तुमचे वेगळे असतील, रीत हीच.) यात निर्मितीचं भांडवल अजून धरलेलंच नाही. सेट, कपडेपट, तालमींचं भाडं, संगीताचं रेकॉर्डिंग, शुभारंभाच्या जाहिराती यांवर सहा लाख गेले असतील आणि साठ प्रयोगांत ते फेडायचे असतील, तर दर प्रयोगातून आणखी दहा हजार निघायला हवेत.

एक खुलासा इथेच करतो. प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीची, संस्था असेल तर मालकाने स्वतःला दिलेलं मानधन प्राप्तिकरात खर्च म्हणून चालत नाही. भागीदारी संस्थेत काम करणाऱ्या भागीदाराचं चालतं, मर्यादेत. त्यामुळे सीएकडे जाणारा हिशेब वेगळा आणि मी म्हणतोय ती वही वेगळी. ही वही नाटक जिवंत आहे की तुमच्या रक्तावर चाललंय, हे कळण्यासाठी आहे.

ही सवय प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगतो, कारण ती कागदावर ठेवली तर दोन महिन्यांत सुटते. मध्यंतर झाला की व्यवस्थापक रंगपटात, म्हणजे मेकअपच्या खोलीत, पाकिटं घेऊन येतो. प्रत्येक पाकिटावर नाव आणि आकडा. सहकलाकारांची, मेकअपवाल्यांची, कपडेपट सांभाळणाऱ्यांची पाकिटं वाटली की शेवटचं पाकीट तुमच्या नावाचं असलं पाहिजे. गल्ला कमी पडला म्हणून त्यात पैसे नसतील, तर पाकिटावर "बाकी" असं लिहून तारीख टाकायची आणि ती रक्कम वहीत चढवायची. पाच-सहा प्रयोग सलग "बाकी" आलं की काय चाललंय ते कोणी सांगावं लागत नाही. आणि बाकीच्यांची पाकिटं कधीही थांबवायची नाहीत. तुम्ही स्वतः नाईटवर जगलेले आहात. "पुढच्या प्रयोगाला एकदम देतो" हे वाक्य ऐकल्यावर दुसऱ्या अंकात माणूस कसा उभा राहतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

स्वतःची नाईट धरली की आणखी एक गोष्ट घडते आणि मला ती पैशापेक्षा महत्त्वाची वाटते. तुम्ही स्वतःकडे घेतलेला नट म्हणून बघू लागता. मग हा नट या भूमिकेला योग्य आहे का, त्याची नाईट नाटकाला परवडते का, उद्या त्याच्या तारखा जुळल्या नाहीत तर बदली कोण, हे प्रश्न आपोआप येतात. निर्मात्याचं खरं काम इथे सुरू होतं.

तुमच्या मित्राच्या नाटकाबद्दल म्हणूनच एकच विचारतो. ती मुख्य भूमिका दुसऱ्या कुणी केली, तर तुम्ही या नाटकात पैसे घालाल का? उत्तर "नाही" असेल तर संहिता घेऊन एखाद्या जाणत्या निर्मात्याकडे जा आणि त्याच्याकडे नट म्हणून ती भूमिका करा. त्यात काही कमीपणा नाही. भूमिका मिळावी म्हणून काढलेली संस्था पहिल्या नाटकाबरोबरच संपताना मी पुष्कळ पाहिलं आहे, कारण दुसरं नाटक निवडायची वेळ येते तेव्हा त्या संस्थेकडे निवडीची दृष्टीच नसते, फक्त एक चेहरा असतो.

पणशीकरांकडे बघा. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनमध्ये त्यांनी उमेदवारी केली. १९६२ मध्ये 'तो मी नव्हेच' आलं आणि लखोबा लोखंडेने त्यांना घराघरांत पोचवलं. वेशांतर करून पाच रूपांत येणारा नट आणि फिरता रंगमंच. एवढं यश हाताशी असलेल्या माणसाने पुढे फक्त स्वतःभोवती फिरणारी नाटकं काढली असती तर कुणी बोल लावला नसता. पण १९६३ मध्ये मोहन वाघांच्या साथीने उभ्या केलेल्या नाट्यसंपदा या संस्थेने १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आणलं, आणि ते नाटक खाँसाहेबांच्या भूमिकेतल्या वसंतराव देशपांडे यांच्या गळ्यावर उभं होतं. निर्मात्याने स्वतःतल्या नटाला बाजूला उभं राहायला सांगितलं आणि मराठी संगीत नाटकाला एक नवा काळ मिळाला. मला पणशीकरांच्या या निर्णयाबद्दल लखोबाइतकाच आदर आहे.

कांबळींची गोष्ट वेगळ्या अंगाने शिकण्यासारखी आहे. १९८० मध्ये आलेल्या 'वस्त्रहरण'मधला त्यांचा तात्या सरपंच लोकांना आठवतो. पण निर्माता म्हणून त्यांनी ओळखलं ते हे की मुंबईत मालवणी बोलणारा प्रचंड मोठा प्रेक्षक आहे आणि त्याच्या बोलीत त्याच्याशी बोलणारं नाटक व्यावसायिक रंगभूमीवर नाही. त्यांच्या भद्रकाली या संस्थेची घडण त्या प्रेक्षकाला धरून झाली. २००७ मध्ये कांबळी गेले. संस्था मुख्यतः त्यांच्या चेहऱ्यावर उभी असती तर तिथेच संपली असती. प्रत्यक्षात त्यांच्या मुलाने ती चालवली आणि दहा वर्षांनी त्याच भद्रकालीने 'संगीत देवबाभळी' आणलं. दोन स्त्री-पात्रांचं, ओव्या-अभंगांच्या अंगाने जाणारं नाटक, मालवणी फार्सपासून कोसभर दूर. ललितकलादर्शचंही तेच. केशवराव १९२१ मध्ये अकाली गेले, पण संस्था बापूराव पेंढारकर आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांच्या हातून कितीतरी दशकं चालली.

बालगंधर्वांचं नाव निर्माता म्हणून घेताना जीव हळवा होतो. रंगमंचावर खोटं काही नको हा त्यांचा हट्ट होता. भरजरी शालू, अत्तरं, उंची पडदे, उत्तमातले उत्तम साथीदार. कलावंत म्हणून तो हट्ट थोर आहे आणि आपण आजही त्याच्या गोष्टी सांगतो. पण भागीदार गेल्यावर मालकही तेच आणि नायिकाही तेच, तेव्हा कंपनीत त्यांना "देवा, हे परवडणार नाही" असं सांगणारं आणि ज्याचं ऐकावं लागेल असं कुणी उरलं नाही. कंपनी कर्जात गेली आणि ते कर्ज फेडण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं उभं राहावं लागलं. म्हणून सांगतो, तुमच्या संस्थेत तुम्हाला नकार देऊ शकेल असा एक माणूस पहिल्या दिवसापासून हवा. तालमीत तो दिग्दर्शक असेल: तालीम चालू असताना तुम्ही निर्माते नाही, वेळेवर यायचं आणि सांगितलेलं करायचं. पैशात तो व्यवस्थापक असेल. चांगला व्यवस्थापक मिळाला तर त्याला नफ्यात वाटा द्या, मी तर म्हणेन पहिला वाटा त्यालाच द्या.

आता पैशाचं. आठ लाखांतले आठही लाख पडदा उघडेपर्यंत संपणार असतील तर नाटक करू नका. अर्धे निर्मितीला, अर्धे पुढच्या प्रयोगांना, असा माझा आग्रह असतो. नव्या नाटकाची बातमी प्रेक्षकांच्या तोंडून पसरायला दहा-पंधरा प्रयोग जातात आणि नेमक्या त्याच काळात बहुतेक निर्मात्यांचा खिसा रिकामा झालेला असतो. जाहिरात लहान होते, तारीख सोडावी लागते, आणि हळूहळू रंगत चाललेलं नाटक बंद पडतं. राज्य शासन व्यावसायिक नाटकांना प्रयोगांवर अनुदान देतं, त्यासाठी अर्ज जरूर करा, पण ते निवड समितीने नाटक बघितल्यावर आणि प्रयोग झाल्यावर येणारे पैसे आहेत. भांडवलात ते धरायचे नसतात. तिकिटाचे दर ठरवताना एवढं लक्षात ठेवा की ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यापुढे आहे.

खर्चातली सगळ्यात मोठी बचत नेपथ्यकाराबरोबरच्या पहिल्या बैठकीत होते, आणि तिथे तुम्ही निर्माता म्हणून बसलं पाहिजे. रविवारी एकाच नाट्यगृहात सकाळी, दुपारी, रात्री तीन वेगवेगळी नाटकं असतात. दुपारचा प्रयोग साडेसातला सुटला आणि तुमचा साडेआठचा आहे, तर त्यांचा सेट बाहेर निघून तुमचा आत लागायला, लाईट्स फोकस व्हायला केवढासा वेळ उरतो बघा. दुमजली घर फार सुंदर दिसतं, पण ते लावायला दोन माणसं जास्त लागतात, कदाचित मोठी गाडी लागते, आणि हा खर्च एकदाच होत नाही, प्रत्येक प्रयोगाला होतो. शिवाय दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात बसलेला सेट तालुक्याच्या गावातल्या रंगमंचावर बसेलच असं नाही. नेपथ्यकाराला सुरुवातीलाच सांगा: एक टेम्पो, अमुक इतके कामगार, रुंदी कमी असली तर सेटच्या भिंतींचे दोन फ्लॅट्स गाळता आले पाहिजेत. चांगल्या नेपथ्यकाराला असं बंधन आवडतं. मात्र नाटकाचा प्राणच त्या यंत्रणेत असेल, 'तो मी नव्हेच'च्या फिरत्या रंगमंचासारखा, तर तिथे हात आखडू नका.

तारखा हे आपल्या धंद्यातलं खरं चलन आहे. महापालिकांची नाट्यगृहं साधारण तिमाहीच्या तारखा एकदम वाटतात आणि शनिवार-रविवारच्या चांगल्या वेळा चालत्या संस्थांकडे जातात. नव्या संस्थेच्या वाट्याला मधल्या वाराची दुपार येते. म्हणून नवे निर्माते एखाद्या जुन्या संस्थेबरोबर संयुक्त निर्मिती करतात. तिच्या नावावर तारखा मिळतात, तिचा व्यवस्थापक आणि तिची बुकिंगची माणसं मिळतात. तुम्हीही पहिलं नाटक असंच करा. नफा वाटला जाईल, पण तोटाही वाटला जाईल, आणि दोन वर्षांत तुम्ही जे शिकाल ते एकट्याने पाच वर्षांत शिकणार नाही. तिकीटबारीवरच्या माणसाशी मैत्री ठेवा. कोणत्या रांगा आधी जातात, फोनवर लोक काय विचारतात, "नाटकात कोण आहे?" की "नाटक कसलं आहे?", हे त्याच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक नसतं. बरीच तिकिटं आता मोबाईलवरून जातात हे खरं, पण बारीवर उभं राहून चौकशी करून परत जाणारा माणूस मोबाईलवर दिसत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. लेखक मित्र आहे म्हणून करार टाळू नका, मित्र आहे म्हणूनच करा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर वर्षभरात हक्क न वापरल्यास ते परत जातात. प्रयोगागणिक मानधन किती, परदेश दौऱ्याचं काय, चित्रीकरण आणि ओटीटीचे हक्क कुणाचे, दुसऱ्या भाषेत झालं तर काय, हे सगळं शुभारंभाआधी कागदावर हवं. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून वेळेत संमत करून घ्या. संस्थेचं बँक खातं वेगळं ठेवा, घरखर्चाचा एक रुपयाही तिथून जाता कामा नये.

आणि आता तुमच्यातल्या नटाबद्दल, कारण या सगळ्यात पहिला मार त्यालाच बसतो. प्रयोगाचा दिवस डोळ्यासमोर आणा. रंगपटात आरशासमोर बसला आहात, बेस लावून झालाय, आणि दारात व्यवस्थापक बुकिंगचा कागद घेऊन उभा. मागून कुणीतरी विचारतंय, पाहुण्यांचे चार पास कुठे ठेवायचे. फोनवर सांगलीचा कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे ठरावीक रकमेला प्रयोग विकत घेणारा, पुढच्या महिन्याचा प्रयोग कमी पैशात मागतोय. हे सगळं डोक्यात घेऊन तुम्ही पहिली एन्ट्री घेतलीत तर सहकलाकाराच्या डोळ्यांत बघताना तुम्हाला पाचव्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या दिसतील. प्रेक्षकाला ते कळतं. त्याला नाव देता येत नाही, पण कळतं. म्हणून नियम करा आणि सगळ्यांना सांगून ठेवा: प्रयोगाआधी एक तास फोन व्यवस्थापकाकडे, आणि रंगपटात बसल्यापासून शेवटचा पडदा पडेपर्यंत पैशाचा एक शब्दही नाही. गल्ला किती झाला तो प्रयोगानंतर कळेल. तुमच्या नावाचं पाकीटही मध्यंतरात उघडायचं नाही. वेळेचंही तसंच. भालचंद्र पेंढारकरांचा वेळेचा कडकपणा जुनी माणसं अजून सांगतात. निर्माता रंगमंचावर असेल तर तिसरी घंटा वेळेवर होणं त्याला स्वतःलाच सोपं जातं, ही आपल्या दुहेरी कामातली मोठी सोय आहे. ती वापरा.

मालिका चालू ठेवायला हरकत नाही, घर त्यावर चालतं. पण पुढच्या करारात शनिवार-रविवार आणि दौऱ्याचे दिवस आधीच लिहून घ्या. इतर नटांच्या तारखांसाठी तुम्ही भांडणार आणि तुमचीच तारीख अडली म्हणून प्रयोग रद्द करणार, असं एकदा जरी झालं तरी संस्थेचा शब्द हलका होतो. तुमच्या भूमिकेचा बदली नट पहिल्या पंचवीस प्रयोगांतच तयार करा, आणि त्याला दोन-चार प्रयोग प्रत्यक्ष करू द्या. त्या दिवशी तुम्ही शेवटच्या रांगेत बसून नाटक बघायचं. विंगेतून आणि रंगमंचावरून स्वतःचं नाटक कधीच पूर्ण दिसत नाही.

दुसऱ्यांच्या नाटकांत काम करणंही सोडू नका. वर्षातून किमान काही काळ कुणाच्या तरी निर्मितीत फक्त नट म्हणून उभे राहा. बाजारात तुमची नाईट किती आहे हे तिथेच कळतं, आणि तो आकडा तुमच्या वहीत लागतोच.

आता लगेच करायचं ते असं. मित्राच्या नाटकाचं वाचन ठेवा, मोजकी माणसं बोलवा. त्यात निदान अर्धी नाटकातली नसावीत: शेजारी, बँकेतले, शिक्षक, तिकीट काढून नाटकाला जाणारी. मुख्य भूमिका तुम्ही वाचू नका, तुमच्याच वयाच्या दुसऱ्या चांगल्या नटाला वाचायला द्या. तुम्ही लोकांमध्ये बसा आणि कुठे माणसं पुढे झुकतात, कुठे घड्याळ बघतात ते टिपून ठेवा. वाचन संपल्यावर चहाच्या वेळी मत विचारू नका, त्या वेळी सगळे चांगलंच बोलतात. आठ दिवसांनी त्यांतल्या चौघांना फोन करा आणि गोष्ट काय होती तेवढंच विचारा. त्यांना गोष्ट सांगता आली आणि तरीही हे नाटक करावंसं वाटलं, तर येत्या तिमाहीच्या तारखांचे अर्ज कधी भरायचे आहेत ते विचारायला एखाद्या जुन्या संस्थेच्या व्यवस्थापकाला भेटा.